नाव गोजिरा, रूप भयंकर

आपल्याकडे अंगणात रांगणाऱ्या बाळाला ‘गोजिरा’ म्हणतात. साजिरा, गोजिरा, दृष्ट लागेल असा. जपानात मात्र याच नावाचा एक प्राणी आहे, आणि तो दिसला की आया लेकरांना उचलून पळत सुटतात. उंची पन्नास मीटर. पाठीवर करवतीसारखे कंगोरे. शेपटीच्या एका फटक्यात इमारत आडवी, आणि तोंडातून निघणाऱ्या झोतापुढे लोखंडाचे खांबसुद्धा मेणासारखे वाकतात. आपल्या यवत स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीचे दोन डबे सोडवून एकावर एक असे उभे केले, तरी ते त्याच्या डोक्याला पुरायचे नाहीत. चित्रपटात तो गाडीचा डबा चक्क तोंडात धरतो, मांजराने उंदीर धरावा तसा.

हा प्राणी अर्थातच पडद्यावरचा. ‘गोजिरा’ हा चित्रपट जपानमध्ये ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. गोरिलाला जपानी लोक ‘गोरिरा’ म्हणतात आणि देवमाशाला ‘कुजिरा’. या दोन शब्दांचा सांधा जुळवून हे नाव केले. इंग्रजी मुलखात गेल्यावर त्याचे ‘गॉडझिला’ झाले, आणि आपली मुले त्याला याच नावाने ओळखतात. सत्तर वर्षे उलटली, तरी हा प्राणी म्हातारा झालेला नाही. एकट्या जपानमध्ये त्याच्यावर तिसांच्या घरात चित्रपट निघाले. २०२३ साली निघालेल्या ‘गॉडझिला मायनस वन’ला पुढच्या वर्षी दृश्यचमत्कृतीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. जगभर त्याचे हजारो रसिक आहेत, आणि त्यांत लहान मुलेच आहेत असे नाही, पिकल्या केसांची माणसेही आहेत.

आता कोणीही सरळ विचारील, “अहो, रबराचा अंगरखा घातलेला माणूस प्लॅस्टरची घरे तुडवतो. त्यात शहाण्या माणसाने पाहायचे काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र जपानात शोधत बसायला नको. ते आपल्या दारात येऊन गेलेले आहे.

बहुरूपी आठवून पाहा. सुगीच्या दिवसांत तो पोलिसाचा वेश करून दारात उभा राहतो, दरडावून म्हणतो, “चला चौकीवर! तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय!” त्याची टोपी खोटी, पट्टा खोटा, वॉरंटाचा कागदही खोटा. हे सारे आपल्याला ठाऊक असते. तरी क्षणभर पोटात गोळा येतो. मग हसू फुटते, पोरे टाळ्या पिटतात आणि घरातली बाई सुपातून पसाभर जोंधळे आणून त्याच्या झोळीत टाकते. ते जोंधळे कशाचे? त्याने आपल्याला फसवले याचे नव्हेत. सोंग वठवले याचे. खोटे आहे हे माहीत असून भ्यायला लावणे ही कला आहे, आणि माहीत असून भिणे ही रसिकता आहे. गोजिराचे रसिक नेमके हेच सुख घेतात.

महाराष्ट्रात जन्मलेल्या चित्रपटकलेने ही गोष्ट पहिल्यापासून ओळखली होती. दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट १९१९ चा. त्यात कृष्णाचे काम केले त्यांच्या लहानग्या मुलीने, मंदाकिनीने. चित्रपटाच्या आरंभी फाळके काय करतात? तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव आधी आपल्याला दाखवतात, आणि मग बघता बघता त्याच मुलीचा कृष्ण होतो. म्हणजे सोंग घेणारे मूल आधी पुढे उभे केले, आणि नंतर सोंग. पुढे यमुनेच्या डोहातला तो अवाढव्य नाग येतो, त्याच्याशी कृष्णाची झुंज होते. नाग कारखान्यात केलेला, कृष्ण घरातली मुलगी. पण त्यामुळे प्रेक्षकांची गोडी कमी झाली नाही, वाढलीच. तेव्हा प्रचंड प्राणी पडद्यावर आणून लोकांचे भान हरपवण्याची विद्या आपल्या नाशिकात गोजिराच्या पस्तीस वर्षे आधीच रुजली होती.

गोजिराचे सोंग कसे रचले ते आता पाहू. दिग्दर्शक होते इशिरो होंडा, आणि सारी करामत उभी केली एजी त्सुबुराया यांनी. अमेरिकेत १९३३ साली ‘किंग काँग’ नावाचा चित्रपट निघाला होता. त्यातले अजस्र वानर म्हणजे एक लहानशी बाहुली. ती केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा चित्र घ्यायचे, असा तो खटाटोप होता. त्सुबुरायांना तीच रीत मनापासून आवडे, पण त्यांच्याजवळ तेवढा वेळ नव्हता. मग त्यांनी दुसरी वाट धरली. माणसालाच प्राण्याच्या पोशाखात घातले आणि त्याच्या पायाशी लहानसे टोकियो शहर उभे केले. अस्सलाच्या पंचविसाव्या हिश्श्याचे. पन्नास मीटरांचा प्राणी म्हणजे दोन मीटरांचा पोशाख, आणि पंचवीस मीटरांची इमारत म्हणजे एक मीटरची प्रतिकृती. हिशेब चोख.

पोशाखात शिरले हारुओ नाकाजिमा. पहिला पोशाख इतका ताठ आणि जड झाला की त्यात धड पाऊल टाकता येईना. पुढचा थोडा बरा, तरी वजनाला ज्वारीचे पोते पाठीवर घेतल्यासारखाच. वरून मोठमोठ्या दिव्यांची आग. काही मिनिटांत माणूस घामाने निथळून जाई, की त्याला बाहेर काढायचे, वारा घालायचा, पुन्हा आत घालायचे. चालायचे कसे हे शिकायला नाकाजिमा टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन बसत, हत्ती आणि अस्वले पाय कसा उचलतात, कसा टेकतात हे निरखीत. त्या प्राणिसंग्रहालयाशी आपलेही एक नाते आहे. युद्धात तिथले हत्ती गेले, तेव्हा जपानी मुलांनी हत्तीसाठी पंडित नेहरूंना पत्रे धाडली, आणि १९४९ साली नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण भेट पाठवली. नाकाजिमा हत्ती निरखायला जात त्या दिवसांत ती तिथेच होती. नाकाजिमांनी १९५४ पासून १९७२ पर्यंत बारा चित्रपटांत गोजिरा केला. गोजिरा करताना चेहरा मात्र एकदाही दिसला नाही. २०१७ साली ते वारले, तेव्हा जगभरचे रसिक हळहळले. पोशाखातल्या माणसाला रसिक विसरत नाहीत, हे ध्यानात घ्या.

पण नुसता पोशाख पुरत नाही. दोन मीटरांचा माणूस भराभर चालतो, त्याच्या धक्क्याने पडलेले एक मीटरचे घर पापणी लवायच्या आत कोसळते. पाहणाऱ्याला लगेच कळते, हे खेळणे आहे. मग वजन आणायचे कुठून? इथे आपल्या शिक्षकबंधूंच्या उपयोगाचा एक छान धडा आहे. दोन मीटरांवरून सोडलेला दगड जमिनीवर यायला साधारण पाऊण सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. पन्नास मीटरांवरून सोडला तर तीन सेकंदांहून किंचित जास्त. उंची पंचवीसपट झाली, पण वेळ पंचवीसपट झाला नाही, पाचपटच झाला, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, आणि पंचविसाचे वर्गमूळ पाच. तेव्हा लहान घराचे कोसळणे खऱ्या घरासारखे दिसायला हवे, तर ते पाचपट सावकाश दिसले पाहिजे. यासाठी कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने चालवतात. एरवी सेकंदाला चोवीस चित्रे घेतात, तिथे कितीतरी अधिक घ्यायची आणि पडद्यावर दाखवताना मात्र चोवीसच दाखवायची. मग पाऊल संथ पडते, धूळ संथ उठते, भिंत रेंगाळत ढासळते, आणि पोशाखातल्या माणसाला डोंगराचे वजन येते.

याच युक्तीची दुसरी बाजू फाळक्यांनी १९१२ सालीच दाखवली होती. कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ त्यांनी थोडी थोडी करून टिपली, आणि पडद्यावर बीजाचा वेल डोळ्यांदेखत झाला. त्या छोट्या चित्रपटाचे नाव ‘अंकुराची वाढ’. फाळक्यांनी कॅमेरा सावकाश चालवून संथ गोष्ट जलद केली, त्सुबुरायांनी वेगाने चालवून जलद गोष्ट संथ केली. एकाने वाटाण्याला गती दिली, दुसऱ्याने रबराला भार दिला. दोघेही काळाशी खेळले.

असा प्राणी खरोखर असू शकेल काय, हे विद्यार्थी विचारतातच. त्याचेही उत्तर गणितात आहे. प्राणी लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून पंचवीसपट केला, तर त्याच्या हाडांची जाडी, म्हणजे आडवा छेद, पंचवीस गुणिले पंचवीस, सहाशे पंचवीसपट होईल. पण वजन होईल पंधरा हजार सहाशे पंचवीसपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक बोटभर भागावर पूर्वीच्या पंचवीसपट ओझे. बिचारा उभा राहण्याआधीच मोडून पडेल. गोजिराच्या जाणत्या रसिकांना हे गणित पाठ असते. तरी ते चित्रपट पाहतात. हनुमंताने द्रोणागिरी उचलला तेव्हा आपण तरी कुठे त्याचे वजन केले?

आपण रेडिओची माणसे, तेव्हा आवाजाबद्दलही सांगितलेच पाहिजे. चित्रपट सुरू होतो तेव्हा प्राणी दिसत नाही. काळ्या पडद्यावर नावे येत असतात आणि ऐकू येते फक्त पाऊल. धडाम्… धडाम्… आणि मग ती डरकाळी. ही डरकाळी कोणत्याही जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास हे माणसाएवढे उंच तंतुवाद्य घेतले, त्याची तार सैल केली, चामड्याच्या हातमोज्याला राळ लावली आणि त्या हातमोज्याने तार घासली. जो आवाज निघाला तो ध्वनिमुद्रित करून संथ केला. त्यात संताप आहे, आणि नीट ऐकले तर कण्हणेही आहे. रसिक या आवाजावर जीव टाकतात. डोळे मिटून ऐकावा असा तो राक्षस आहे.

इथवर झाली करामत. पण श्रोतेहो, करामतीवर चित्रपट एक हंगाम चालतो, सत्तर वर्षे नव्हे. सोंगाच्या आत काही खरे असावे लागते. गोजिराच्या आत काय होते ते समजायला १९५४ सालात गेले पाहिजे.

हिरोशिमा आणि नागासाकी या दोन शहरांवर अणुबाँब पडले ते १९४५ साली. होंडा युद्धावरून मायदेशी परतले, तेव्हा हिरोशिमाची राख त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर नऊच वर्षांनी, १ मार्च १९५४ रोजी, अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. हिरोशिमाच्या बाँबपेक्षा सुमारे हजारपट शक्तीची. धोक्याची म्हणून आखलेल्या हद्दीच्या बाहेर एक जपानी मासेमारी नौका होती. तिचे नाव ‘दाइगो फुकुर्यू मारू’, म्हणजे ‘भाग्यवान नाग, क्रमांक पाच’. तिच्यावरच्या तेवीस कोळ्यांच्या अंगावर आकाशातून पांढरी राख पडू लागली. कशाची राख, त्यांना काय ठाऊक? बंदराला लागेपर्यंत सगळे आजारी पडले. बाजारात आलेले मासे विषारी किरणांनी भरलेले निघाले, माल पुरून टाकावा लागला, मासे घेताना घरोघरच्या बायका धास्तावू लागल्या. नौकेवरचा बिनतारी यंत्र चालवणारा आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर रोजी मरण पावला. त्यानंतर सहा आठवड्यांत ‘गोजिरा’ पडद्यावर आला. आपल्याकडेही या चाचणीचे पडसाद उमटले होते. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले होते.

आता चित्रपटाचे पहिलेच दृश्य पाहा. समुद्रात एक जहाज आहे. खलाशी निवांत बसले आहेत, कोणी वाद्य वाजवतो आहे. एकाएकी पाण्यात डोळे दिपवणारा उजेड फुटतो आणि जहाज पेट घेते. टोकियोच्या थिएटरात बसलेल्या माणसाला हे कोणत्या नौकेबद्दल चालले आहे ते सांगावे लागले नाही. पुढे तज्ज्ञ सांगतात की हा प्राणी समुद्राच्या तळाशी युगानुयुगे पडून होता, हायड्रोजन बाँबच्या स्फोटांनी त्याला उठवले. त्याची खरबरीत कातडी पाहून बाँबने भाजलेल्यांच्या अंगावरचे व्रण अनेकांना आठवतात. गोजिरा टोकियो जाळतो तेव्हा एक आई रस्त्याच्या कडेला मुलांना कवटाळून बसते आणि त्यांना समजावते की आता आपण लवकरच बाबांकडे जाणार. बाबा युद्धात गेलेले. उंच मनोऱ्यावरून या संहाराची हकीकत प्रसारित करणारे निवेदक मनोरा कोसळेपर्यंत बोलत राहतात, आणि प्रेक्षकांचा निरोप घेतात. हे पाहून लोक रडले, ते रबराच्या प्राण्याला भिऊन नव्हे.

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्या माणसांपुढे १२ जुलै १९६१ हा दिवस नुसता उच्चारा. पानशेत फुटले तो दिवस. डोळ्यांदेखत वाहून गेलेली घरे ज्यांनी पाहिली, त्यांना पडद्यावर ढासळणारी भिंत ही गंमत वाटणार नाही. तसेच ते.

मग हा गोजिरा दुष्ट आहे काय? आपल्याकडे भस्मासुराची कथा आहे. फाळक्यांचा दुसरा चित्रपट याच कथेवर, ‘मोहिनी भस्मासुर’, १९१३ सालचा. ज्याच्या डोक्यावर हात ठेवावा तो भस्म होईल असा वर शंकराने दिला, आणि हात सर्वांत आधी उगारला गेला तो वर देणाऱ्यावरच. जपानी कथेतही वर कोणी दिला तो प्रश्न आहे. आणि ती कथा तिथे थांबत नाही. डॉक्टर सेरिझावा नावाचा एक शास्त्रज्ञ तिच्यात आहे. संशोधन करता करता त्याच्या हाती एक भयंकर द्रव्य लागते. ते पाण्यात टाकले की पाण्यातला प्राणवायू नाहीसा होतो, जीवमात्र विरघळून जातो. गोजिराला मारायला हे एकच शस्त्र उरलेले असते. पण सेरिझावा देत नाही. एकदा हे जगाला दिसले, की राज्यकर्ते त्याचे अस्त्र करणार, हे तो ओळखून असतो. दुसरीकडे इस्पितळात भाजलेली माणसे, आणि शाळेच्या मुली शांततेची प्रार्थना गात आहेत. अखेर तो कबूल होतो. आधी आपले सारे कागद जाळतो, मग समुद्रात उतरतो, शस्त्र सोडतो, आणि वर येण्याची दोरी स्वतःच्या हाताने कापतो. कागद जळाले तरी डोक्यातले ज्ञान उरतेच, म्हणून डोकेही उरू द्यायचे नाही. भस्मासुराने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला तो भुलून. सेरिझावाने ठेवला तो समजून. प्राणी मरतो, पण वृद्ध प्राध्यापक यामाने मनाशी म्हणतात की चाचण्या अशाच चालू राहिल्या तर दुसरा गोजिरा कुठेतरी उठेल. विजयाचा जल्लोष नाही. सगळे मान खाली घालून उभे.

मी कॉलेजात शिकवतो. शास्त्र शिकणाऱ्या मुलाने कोणता प्रश्न पहिल्या वर्षालाच ऐकावा असे मला कोणी विचारले, तर मी सेरिझावाचा हा पेच सांगेन. मला जे साधले आहे ते मी कोणाच्या हाती देतो आहे?

चित्रपटात आणखी एक जागा आहे, ती गावच्या माणसाला लगेच उमजेल. ओदो नावाच्या बेटावरचा एक म्हातारा कोळी सांगतो की पूर्वी मासे मिळेनासे झाले म्हणजे या प्राण्याला शांत करायला एक मुलगी समुद्रात सोडून देत. आता तो प्रकार उरला नाही, पण मुखवटे घालून नाचायची रीत उरली आहे. आपल्याला बकासुर आठवतो. रोज गाडाभर अन्न, दोन बैल आणि एक माणूस, आणि आज पाळी कोणाच्या घरची? राक्षसाच्या गोष्टीत राक्षसापेक्षा ही पाळीच अधिक भयंकर असते. मग गावाने त्या भयाचे नाटक केले, मुखवटा केला, आणि ज्याच्याकडे बघवत नव्हते त्याच्याकडे बघता येऊ लागले.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्या शिरूर-दौंडच्या उसात आज खरे भय वावरते आहे. बिबट्या. रात्री पाण्याची पाळी आली की शेतकरी जीव मुठीत धरून मोटार चालू करायला जातो. शिरूर तालुक्यात लहान मुलेही त्याला बळी पडली आहेत. ज्या घरातले लेकरू गेले त्या घरापुढे जाऊन ‘जनावराचा काय दोष’ असे म्हणण्याची माझी छाती नाही. पण बिबट्या उसात आला कसा, हे विचारल्यावाचूनही सुटका नाही. डोंगर उघडे झाले, रानातले भक्ष्य सरले, कालव्याच्या पाण्यावर बारमाही ऊस दाट उभा राहिला, आणि त्याला नवे रान मिळाले. आईचे दुःख खरे, आणि जनावराची वाट आपण बदलली हेही खरे. ‘गोजिरा’ हा चित्रपट या दोन्ही गोष्टी एकदम हातात धरतो, एकीसाठी दुसरी सोडत नाही. तो प्राणी लोकांना चिरडतो तेव्हा आपण लोकांसाठी कळवळतो, आणि समुद्राच्या तळाशी तो तडफडतो तेव्हा त्याच्यासाठीही गळा दाटतो. जाणते रसिक या चित्रपटाला थोर म्हणतात ते यासाठी.

पुढे गोजिराचे रूप पालटत गेले. १९५६ साली अमेरिकेत त्याची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात एक अमेरिकी वार्ताहर घुसवला आणि बाँबविषयीचे बोलणे बरेच कापले. जपानमध्ये १९६४ पर्यंत तो इतका बदलला की आकाशातून आलेल्या तीन तोंडांच्या नागाशी माणसांच्या बाजूने लढू लागला. मुले त्याला आपला म्हणू लागली. आपल्या मुंबईनेही १९६६ साली ‘गोगोला’ नावाचा हिंदी राक्षस पडद्यावर आणला. नावातच वळण कळते. कोणी म्हणेल, भिववणारा प्राणी राखणदार कसा झाला? यवतकरांना हे अवघड वाटू नये. तुकोबांची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते ती काळभैरवनाथाच्या देवळात. भैरवाचे रूप उग्र, पण गावाची राखण त्याच्याकडे, आणि त्याच्याच छायेत दमलेला वारकरी पिठलं-भाकरी खाऊन निश्चिंत झोपतो. देवाची आणि सिनेमातल्या प्राण्याची बरोबरी मला करायची नाही. उग्रता आणि राखण एका ठिकाणी नांदू शकते, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, एवढेच सांगायचे आहे.

तेव्हा रसिकांना यात काय आवडते, ते आता जुळवून पाहा. त्यांना कारागिरी आवडते, एकेक खिडकी लावलेले ते चिमुकले शहर आवडते. ओळखीची इमारत पडद्यावर पडताना बसणारा धक्का आवडतो. टोकियोच्या माणसाला गिंझा पेठेतले घड्याळाचा मनोरा असलेले दुकान जसे ओळखीचे, तसा आपल्याला शनिवारवाडा. त्यांना ती डरकाळी आवडते. पिढ्यान्‌पिढ्या तोच प्राणी नव्या रूपात येतो, मग कोणता पोशाख सरस आणि कोणती चाल अस्सल यावर वाद घालायला आवडते, आपण जुन्या आणि नव्या नटांच्या भूमिकांची तुलना करतो तसे. आणि या साऱ्याच्या तळाशी, एका राष्ट्राने आपले न बोलता येणारे दुःख एका सोंगाच्या तोंडून बोलून दाखवले, ही जाण त्यांना धरून ठेवते.

आज गावोगाव मुलांच्या हातात मोबाईल आहे, आणि असले चित्रपट त्यांना सहज दिसतात. ‘काय ते राक्षसाचं बघत बसलास’ म्हणून त्यांच्या हातून तो काढून घेणे सोपे आहे. माझी शिक्षकांना विनंती अशी की एकदा त्यांच्याजवळ बसावे. आधी शाळेच्या अंगणात दगड टाकून पडण्याचा वेळ मोजायला लावावा आणि वर्गमुळाचा हिशेब फळ्यावर मांडावा. मग विचारावे, हा प्राणी का चिडला? त्याला कोणी उठवले? तुझ्या गावात असे काय झोपले आहे, की जे उठवू नये? उत्तरे मुले देतील. ती लिहून ठेवावीत.